आईच्या हातचं बी

आबा, काल पाटसच्या मंगल कार्यालयात आई स्टेजवर खुर्चीत बसली होती. मांडीवर शाल आणि नारळ, पायात तीच रोजची रबरी चप्पल. कांदा पिकवणाऱ्यांचा मेळावा होता, चार तालुक्यांतून माणसं आलेली. माइक हातात आल्यावर ती गडबडेल म्हणून मी कागदावर सहा ओळी लिहून, तिच्याकडून घोकून घेऊन, कागद धीरासाठी हातात दिला होता. तिनं त्या कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाली, "मी काय बोलणार? सकाळी दहाला माझ्या रानात येऊन हुबं ऱ्हावा, माश्याच बोलत्यात." अख्खं कार्यालय हसलं आणि मग टाळ्या थांबेचनात. माझी छाती अशी फुगली की ब्लाउजचे हूक तुटतात की काय असं वाटलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी एक शब्द बोलले नव्हते, कालपासून मात्र बोलावंसं वाटतंय.

तुम्ही दुष्ट नव्हता, हे आधीच लिहून टाकते. आईनं दहा गुंठ्यांत कांद्याचं बी धरायला सुरुवात केली, तेव्हा त्याला उंदीर लागू नयेत म्हणून शिरूरच्या बाजारातून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा तुम्हीच आणला होता, आणि सगळ्या वाटेनं तो डोक्यावर मिरवत आणला होता. नदीकाठचा ऊस तुमचा, विहिरीजवळचे दहा गुंठे आईचे, असं तेव्हा सुरळीत चाललं होतं. मग आईचं बी उगवायला लागलं, दाण्याला दाणा. आसपासच्या गावची माणसं यायला लागली आणि चौकात विचारायला लागली, "डेंगळेवाल्या वहिनींचं घर कुठं?" कांद्याला बियासाठी येतो तो लांब दांडा म्हणजे डेंगळा, त्यावरून आईला ते नाव पडलं. एका दुपारी जेवताना तुम्ही ताट पुढं सारलंत. "सातबारा माझ्या नावावर, आन् मी कोण? तर वहिनींचा नवरा." आई हसली. तिला ती चेष्टा वाटली, मलाही वाटली.

त्यानंतर पेटीवाले मामा आले. दौंडकडचे, पन्नाशीचे, एका कानानं कमी ऐकणारे गृहस्थ. डेंगळ्यांना पांढरे गोंडे आले की माश्यांनी या फुलावरून त्या फुलावर जायला हवं, नाहीतर आत दाणा भरत नाही, म्हणून आईनं त्यांच्या मधमाश्यांच्या आठ पेट्या बांधावर ठेवून घेतल्या. ते कामाचं बोलायचे आणि आई दहा प्रश्न विचारायची. एकदा माशी त्यांच्या त्या बहिऱ्या कानात शिरली आणि ते "काय म्हंतीया ऐकू येत न्हाई" म्हणाले, तेव्हा आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की खाली बसली. तुम्ही विहिरीवर उभे होता. संध्याकाळी चुलीपाशी येऊन तुम्ही विचारलंत, "माझ्यासंगं कवा हसलीस अशी?" आईनं भाकरी उलटली आणि वर न बघता म्हणाली, "तुम्ही कवा हसवलं?" आबा, त्या उत्तराबद्दल ती आजही स्वतःला बोल लावते. मी तिला सांगते, प्रश्न खरा होता आणि उत्तरही खरं होतं.

चौथ्या दिवशी आई शेजारी कांदे लावायला गेली होती. माझी दहावी, अभ्यासाची सुट्टी, मी पडवीत बसलेले. दहाचा सुमार, गोंडे पांढरे फेक फुललेले, माश्यांचा आवाज पडवीपर्यंत येतोय. तुम्ही उसाचं औषध पंपात कालवता, उघड्या अंगानं पंप पाठीला लावता आणि डेंगळ्यांत शिरता. मी धावत येते, ओरडते, "आबा, फुलांवर माश्या हायेत!" तुम्ही वळता. "आईची वकील हाय का तू? घरात जा." मी गेले नाही, बांधावर उभी राहिले. वारा तोंडावर होता आणि जुन्या पंपातून औषध तुमच्या पाठीवर गळत होतं. तुम्हाला ते जाणवलंच नसणार, रागात माणसाला अंग कुठं असतं? दुपारपर्यंत वाफ्यांत माश्या सांडलेल्या बाजरीसारख्या पडल्या होत्या आणि तुम्ही विहिरीच्या कट्ट्यावर आडवे झाला होता, तोंडाला फेस. आई पळत आली. आधी तुमची पाठ धुतली, बादलीवर बादली, आणि मग जीप बोलावली. वाटेत तिनं एकदाही फुलांचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी शिरूरच्या दवाखान्यात तुमचा जीव गेला.

भेटायला आलेली माणसं म्हणायची, बायकोच्या बियापायी गेला बिचारा. आई मान हलवायची. "व्हय. माझ्याच पिकावर फवारत व्हते." मला तुमच्यापेक्षा तिचाच राग आला होता. मी म्हणाले, खरं का सांगत नाहीस? ती म्हणाली, "गेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडून मला काय मिळणार हाय?" खरं तिनं एकालाच सांगितलं, पेटीवाल्या मामांना. त्यांनी रिकाम्या पेट्या टेम्पोत भरल्या, आईला हात जोडले आणि गेले. पुढं त्यांनी कुरकुंभला एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. त्या वर्षी आमच्या गोंड्यांत नुसता भुसा निघाला. एवढं सगळं एका हसण्यावरून, आबा. मी पुष्कळ वर्षं तुम्हाला माफ केलं नाही, हेही लिहून टाकते.

आई मात्र बसून राहणारी नव्हती. पुढच्या वर्षी तिनं निवडक कांदे पुन्हा त्याच दहा गुंठ्यांत लावले. गोंडे फुलले, पण पेटी द्यायला कुणी तयार नाही. तेव्हा तिला मामांचं एक बोलणं आठवलं, माशी नसेल तर माणसाचा हातसुद्धा चालतो. सकाळचं दंव वाळलं की आम्ही दोघी वाफ्यांत शिरायचो. दोन्ही तळवे या गोंड्यावरून हलके फिरवायचे, तसेच पुढच्यावर, तसेच त्याच्या पुढच्यावर, ऊन डोक्यावर येईपर्यंत. सगळी फुलं एका दिवशी उमलत नाहीत, म्हणून रोज तेच, तीन आठवडे. धाकटे काका बांधावरून म्हणायचे, "वहिनी, फुलं कुरवाळून बी येतं व्हय?" आई म्हणायची, "लेकरं वाढवली तशीच की." हाताचा कांद्याचा वास साबणानं जायचा नाही, वर्गात पोरी माझ्यापासून लांब बसायच्या. उन्हाळ्यात आईनं पहिला गोंडा तळहातावर चोळून फुंकला. मूठभर भुसा उडाला आणि मागं काळे कुळकुळीत दाणे राहिले. ती रडली नाही. तुमचा पत्र्याचा डबा आणला, त्यात ते दाणे टाकले आणि वाजवून बघितला.

त्याच आठवड्यात ती एसटीनं कुरकुंभला गेली आणि कंपनीच्या गेटवर मामांसमोर उभी राहिली. म्हणाली, पुढल्या हंगामाला पेट्या आणा. ते म्हणाले, "आणतो ताई. पण शिवारात कुणी सकाळचं फवारता कामा न्हाई." मग आई घरोघर फिरली. ग्रामसभेत बाया मागं बसतात, ही पुढं जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या घरात येळ चुकली. तुमच्यात चुकू नगा." त्या एका वाक्यात खोटं काही नव्हतं आणि तुमची अब्रूही शाबूत होती. तेव्हापासून आमच्या शिवारात डेंगळे फुलात असले की दिवस कलल्याशिवाय कुणी पंप पाठीला लावत नाही. ऊसवाले लावत नाहीत, रांजणगावच्या कारखान्यात ड्यूटी करून आलेली तरणी पोरंही लावत नाहीत. मामांच्या पेट्या आता त्यांचा नातू आणतो, आठाच्या साठ झाल्यात. एकोणीस घरं बी धरतात. काल स्टेजवर बसली होती ती ही बाई, आबा. तुम्ही एका सकाळी संपवलेलं तिनं दोन हातांनी परत आणलं आणि गावभर केलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आईला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून गेली सहा वर्षं बी मी निवडते, मी वाळवते, पिशव्याही मीच भरते. सासर पाटसला, तरी हंगामात निम्मे दिवस माझे माहेरच्या रानात जातात. काल मेळावा संपल्यावर मी बाहेर टेबल मांडून बसले होते. एक म्हातारे आजोबा आले. मी पिशवी पुढं केली, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "तू ऱ्हाऊ दे पोरी. आईच्या हातचं दे." मी पिशवी परत टेबलावर ठेवली, आबा. समोर आईभोवती बाया गोळा झाल्या होत्या, ती हसत होती, आणि क्षणभर मला ते हसणं बघवलं नाही. मला वाटलं, मी कोण? डेंगळेवालीची पोरगी. तेव्हा मला तुम्ही आठवलात, ताट पुढं सारलेले, आणि त्या दुपारी तुम्हाला आत किती जळलं असेल ते पहिल्यांदा कळलं. तुमचे नाकडोळे माझ्यात आलेत असं सगळे म्हणतात. तेवढंच आलं असतं तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, डब्याच्या तळाशी बियाखाली राहील. आईला वाचता येत नाही, त्यामुळं भीती नाही. काल त्या आजोबांनी नको म्हटलेली पिशवी मी टेबलाखाली नेली, घटकाभर खुडबुड केली आणि तीच वर काढून त्यांच्या हातात ठेवली. "घ्या," म्हटलं, "आईच्याच हातचं हाय."