‘रिलक्टंट’ शब्दाचं वाक्य

इंझोरी, गुरुवार, संध्याकाळ

परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा रविवारी. आजच्या तीस शब्दांपैकी बावीसच पाठ झाले. चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. आई शेतातून आली की अर्थ वाचते, मी शब्द सांगते. तिला इंग्रजी येत नाही, पण जिद्द माझ्यापेक्षा तिचीच जास्त.

"मनातून तयार नसलेला," तिनं वाचलं.

"रिलक्टंट."

"आता वाक्यात सांग."

मी इंग्रजीत म्हटलं, परदेशात नर्स म्हणून जायला मी मनातून तयार नाही. कसं निघालं तोंडातून? मानोऱ्याच्या दवाखान्यातलं काम मला आवडतं. पण हे मराठीत बोलायची सोय कुठे आहे? मी चालले म्हणून बाबांनी गावभर सांगून ठेवलंय.

"म्हंजे काय झालं?" आईनं विचारलं.

सांगून टाकावं असं वाटलं. तोंडातून आलं ते भलतंच. "इथं राह्याले माह्यं मन तयार नाई, असं."

आईनं चिठ्ठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बरं हाय. मन असंच पाह्यजे."

तिनं शेजारच्या काकूंना बोलावून घेतलं. "पोरगी कशी इंग्रजी बोलून राह्यली, आयका." मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. रिलक्टंट. दिवसभर अडखळणारा तो उच्चार या वेळी अगदी स्वच्छ आला.