दिव्याच्या बटणावरचा हात

ती. ताईस, तुझ्या तापट धाकट्याचा वाकून नमस्कार.

मंगळवारी प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीतून तिचं हसू ऐकू आलं, तेव्हाच माझं बिनसलं. ती म्हणजे मागच्या पत्रातली संशोधक. मी वाढवलेली माशांची पिल्लं ती सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत बघते. त्यांच्यात चमकणारं जनुक घातलंय, त्यामुळे अंधारात त्यांचं हृदय हिरवं चमकतं. आत तिच्याबरोबर भौतिकशास्त्राचा तो कणवाला होता. कुणी न पाहिलेल्या कणांची खडूने गणितं मांडतो आणि भाव खातो! मी कॉलेज सोडलं नसतं तर... जाऊ दे, तूही तेच म्हणशील.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, मी पोटभर जेवतो, झोपही लागते. बहुतेक.

तर, डोकं सणकलं. दार ढकलून आत शिरलो आणि दिव्याच्या बटणावर हात ठेवला.

"अरे वेड्या, दिवा नको! सकाळपासूनचं चित्रण वाया जाईल," ती ओरडली. "ये, तूही बघ."

बघितलं. माझ्या पिल्लाचं हृदय धडधडत होतं. त्याच हिरव्या उजेडात दिसलं, कणवाल्याचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तिला तो खुपत नव्हता.

"माशांना खायला घालायचंय," एवढंच म्हणालो. बाहेर आलो आणि उजेडाची रेघही आत जाणार नाही असं ते दार, ताई, मीच घट्ट लावून घेतलं.

तुझाच,
माथेफिरू