त्या दिवशीची पावडर

बाबा, परवा आपल्या गावच्या नळाचं पाणी तपासायला माझ्यापुढे आलं. तालुक्याच्या प्रयोगशाळेत मी हेच काम करते. मला हे काम करताना बघायला तुम्ही राहिला नाहीत. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं, म्हणजे कुठूनतरी घाण शिरली होती. मी लगेच जिवतीचा घाट चढून गावात गेले.

तुम्ही ग्रामपंचायतीचे पाणीवाले. रोज पहाटे बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायचात, ती निवळली की वरचं पाणी टाकीत सोडायचात. तुमच्या हाताचा तो वास जेवतानाही जात नसे. ताईच्या लग्नाच्या सकाळी मीच आडवी आले. "बाबा, आज औषध नका टाकू. चहाले वास येते, वऱ्हाडी नावं ठेवतीन." तुम्ही बादली घेऊन तसेच उभे. "पाण्याले सुट्टी नाई रायत, बाई," म्हणालात. मी रडायला लागले आणि तुम्ही बादली खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी घरोघरी हगवण-उलट्या. ताईला हळद लावणारी शेजारची काकू दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेली. ग्रामसभेत तुम्ही एवढंच बोललात, "माह्याच हातून चुकलं." मी बायकांत बसले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. काम गेलं. त्यानंतर जगलात तितकी वर्षं कुणाच्या दारात घोटभर पाणी मागितलं नाहीत, आणि मला त्यावरून एका शब्दानं बोलला नाहीत.

या वेळी गावात पंचायतीच्या माणसांबरोबर मी नालीखालचा पाइप उकरून घेतला. सांध्याला तडा गेलेला, नालीचं पाणी सरळ आत जात होतं. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "हा सांधा बहुत जुना हाये, मॅडम. कितीक वर्षांपासून गळत असन." मी तिथंच नालीच्या काठावर बसले. म्हणजे तेव्हाही घाण इथूनच आली असेल. तुमचा काय दोष, असं क्षणभर वाटलं. पण त्या सकाळी टाकीत पावडर पडली असती तर काकू वाचलीही असती, हे आता मला या कामामुळे कळतं.

काकूची लेक घागर घेऊन बाजूलाच उभी होती. तिनं विचारलं, "तुह्या बाबानं त्या दिशी औषध काऊन नाई टाकलं वो?" रागानं नाही, नुसतंच.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, बाबा. तिला मी म्हटलं, "मले नाई मालूम."