चौथ्या मजल्याच्या अर्धा जिना खाली थांबणाऱ्या लिफ्टबाबत

प्रति,
मा. अध्यक्षा,
गृहसुधारणा कामे व पट्टेदार आकारणी चौकशी समिती,
नगरपरिषद, आल्टनरोडे (बाड हॉम्बुर्गजवळ), जर्मनी

विषय : कास्टानीनवेग येथील इमारतीस बसविलेल्या लिफ्टची समक्ष पाहणी करणे व तळमजल्यावरील श्रीमती हेडविग क्रेस यांना लिफ्टच्या आकारणीतून वगळणे याबाबत.

संदर्भ : १) पट्टेदारांनी आपले म्हणणे लेखी मांडावे, ही समितीची जाहीर सूचना. २) अर्जदाराने नगर-गृहनिर्माण कंपनीस वेळोवेळी केलेली विनंती व तीस वेळोवेळी मिळालेला नकार.

महोदया,

१. अर्जदार शशिधर वामन केळशीकर, वय अडुसष्ट, निवृत्त यांत्रिक अभियंता, हा पत्नी सौ. मनोरमा हिच्यासह वरील इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीखालची जमीन नगरपरिषदेची, घरे राहणाऱ्यांची आणि दोहोंमध्ये दीर्घ मुदतीचा पट्टा, ही येथील व्यवस्था आपणास ठाऊकच आहे. सुधारणा कंपनी सुचवते, पट्टेदार हात वर करून संमती देतात आणि खर्च सर्वांमध्ये वाटला जातो.

हा अर्ज मराठीत लिहिल्याबद्दल अर्जदार क्षमा मागतो. त्याची जर्मन भाषा कारखान्यात घडली. यंत्रातला बिघाड त्या भाषेत त्याला नीट सांगता येतो. घरातले दुखणे सांगू लागला की वाक्याच्या शेवटचे क्रियापद येईपर्यंत धीर सुटतो. हायडेलबर्गला संशोधन करणारी त्याची कन्या मालविका जर्मन भाषांतर करून सोबत जोडत आहे. तिचा स्वभाव मिळतेजुळते घेण्याचा आहे. भाषांतरातला एखादा शब्द मवाळ वाटल्यास मूळ मजकूर तेवढा मवाळ नाही, असे समजावे.

२. सन २००३ च्या हिवाळ्यात अर्जदाराच्या पत्नीस अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. ती बरीच वर्षे येथील किंडरगार्टनमध्ये नोकरीस होती. या गावातल्या निम्म्या तरुणांना जर्मन बडबडगीते तिने शिकवलेली आहेत. झटक्यानंतर तिची जर्मन भाषा समूळ गेली. मराठी राहिली, तीही तुटक. डॉक्टर म्हणाले, असे होते कधी कधी, शेवटी शिकलेले आधी जाते. इमारतीस तेव्हा लिफ्ट नव्हती. रुग्णवाहिकेची माणसे तपासणीपुरती तिला खुर्चीत बसवून खाली नेत आणि परत आणून ठेवत. एरवी ती घरातच असे. जिन्यावर तिला धरणे अर्जदाराच्या स्वतःच्या हृदयविकारामुळे त्याला मना आहे.

३. पुढल्या वर्षी कंपनीने भिंतींना उष्णतारोधक आच्छादन, नव्या खिडक्या आणि लिफ्ट अशी कामे सुचवली. लिफ्टसाठी पट्टेदारांची संमती आवश्यक होती व एक मत कमी पडत होते. तळमजल्यावरच्या श्रीमती क्रेस विरोधात होत्या. त्या ट्रामचालकाच्या विधवा, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे दार मागच्या अंगणात सपाट जमिनीवर उघडते. त्यांचे म्हणणे रास्त होते : "मला चढायचंच नाही, तर मी कशाला पैसे देऊ?"

अर्जदार त्यांच्या दारी गेला. इतकी वर्षे एका इमारतीत राहून उभयतांमध्ये 'गुटेन टाग'पलीकडे बोलणे झालेले नव्हते. काय बोलायचे ते अर्जदाराने ठरवून नेले होते, पण दार उघडल्यावर ते त्याला आठवेना. श्रीमती क्रेस यांनीच विचारले, "तुमच्या पत्नी हल्ली दिसत नाहीत?" अर्जदाराने कारण सांगितले. त्या म्हणाल्या, "त्या खाली येणार असतील तर मी हात वर करते."

चर्चच्या सभागृहात सभा झाली. अर्जदाराने उभे राहून कंपनीचे प्रतिनिधी हेर (म्हणजे श्री.) ब्रोम्बाख यांस विचारले की, लिफ्ट चौथ्या मजल्यावर दारापर्यंत येईल ना. ते म्हणाले, "हो, हो, थेट चौथ्यापर्यंत." श्रीमती क्रेस यांनी हात वर केला आणि ठराव संमत झाला.

४. काम लांबले. खिडक्यांवर प्लास्टिक असल्याने घरात दिवसाही दिवा लावावा लागे. अर्जदाराची पत्नी त्या उजेडात बसून परातीवर हातोडा मारल्यासारखा आवाज दिवसभर ऐकत असे. तिने तक्रार केली नाही. लिफ्ट होते आहे, एवढे तिला कळत होते.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी मालविका हायडेलबर्गहून आली होती. तिने आईला नारिंगी रंगाचे पातळ नेसवले, केस विंचरले. अर्जदाराने चाकांची खुर्ची दाराबाहेर काढली. खालून लिफ्ट आली व थांबली. परंतु ती चौथ्या मजल्यावर थांबली नाही. ती तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्ये, जिना वळतो त्या चौकावर थांबली. दार उघडले. आत हेर ब्रोम्बाख फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. अर्जदार, त्याची पत्नी व कन्या वर होते, हेर ब्रोम्बाख अर्धा जिना खाली होते. अर्जदाराची पत्नी म्हणाली, "अहो, ते अर्ध्यावरच का थांबले?"

याचे उत्तर अर्जदारास आजतागायत मिळालेले नाही. म्हणून तो प्रश्न तो समितीपुढे ठेवीत आहे.

५. कंपनीकडे दाद मागितली. उत्तर आले की, बाहेरून जोडलेल्या लिफ्टचे दार जिन्याच्या वळणावर काढणे सोयीचे असते, आणि कंपनीच्या दप्तरी सदर चौकास चौथा मजला असेच नाव आहे. म्हणजे लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचतेच. अर्जदाराने अर्ध्या जिन्यापुरती सरकती खुर्ची बसवण्याची परवानगी मागितली. ती आगीच्या वेळी वाट अडेल म्हणून नाकारली. यानंतर आकारणी आली. जो जितका उंच राहतो त्यास लिफ्टचा लाभ तितका अधिक, या न्यायाने सर्वाधिक वाटा चौथ्या मजल्यावर पडला. अर्जदाराने तो भरला. भांडण्याचे त्राण नव्हते, आणि इतरांना लिफ्टसाठी तयार करणारा तोच होता.

एकही पायरी न चढता-उतरता लिफ्टमध्ये शिरता येईल असे घर इमारतीत एकच आहे. ते श्रीमती क्रेस यांचे.

६. येथून पुढचा भाग कंपनीच्या कागदपत्रांत आढळणार नाही, तरी तो विचारात घ्यावा.

एका दुपारी अर्जदाराच्या दाराची घंटा वाजली. श्रीमती क्रेस दारात उभ्या होत्या. गुडघ्यांनी अधू असूनही लिफ्टने चौकापर्यंत आल्या होत्या आणि उरलेला अर्धा जिना कठड्याला धरून, थांबत थांबत चढल्या होत्या. म्हणाल्या, "त्या खाली येऊ शकत नाहीत, तर मी वर आले." त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या.

त्यांना मराठी येत नाही. अर्जदाराच्या पत्नीस जर्मन उरलेली नाही. अर्जदार स्वयंपाकघरात चहा करता करता ऐकत असे. श्रीमती क्रेस युद्धावरून परत न आलेल्या भावाविषयी सांगत, पत्नी म्हणे, "असं कसं झालं हो, बाई." पत्नी आपल्या दापोलीच्या मावशीविषयी काही सांगे, श्रीमती क्रेस "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असे म्हणत. मधेच दोघी हसत. कशाला, ते अर्जदारास समजत नसे. पण पत्नीची वाक्ये लांबू लागली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनीही विचारले, घरी काही नवीन सुरू केले आहे काय. श्रीमती क्रेस 'बसा' आणि 'झालं' हे दोन शब्द शिकल्या व ते कोठेही वापरू लागल्या.

७. श्रीमती क्रेस यांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे. लिफ्टचा वाटा भरणे अशक्य झाल्याने, आपण तळमजल्यावर राहतो व आपणास लिफ्टची गरज नाही, या कारणास्तव त्यांनी सूट मागितली. कंपनीने कळवले की, सदर महिला दररोज लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाताना इमारतीची देखभाल करणाऱ्याने पाहिलेली आहे, सबब त्या लाभधारक ठरतात. सूट हवी असल्यास त्यांनी, प्रत्येक पट्टेदारास दिलेली, लिफ्ट चालवण्याची किल्ली परत करावी व लिफ्टमध्ये पाऊल ठेवू नये.

अर्जदाराने त्यांचा वाटा आपण भरतो असे लिहून दिले. पट्ट्यानुसार एकाचा वाटा दुसऱ्यास भरता येत नाही, असे उत्तर आले. मग आपल्या किल्लीने आपण त्यांना वर आणू, असे त्याने स्वतः श्रीमती क्रेस यांना सुचवले. त्या म्हणाल्या, "हेर केळशीकर, या वयात मी चोरून लिफ्टमध्ये बसणार नाही." त्यांनी किल्ली परत केली. सर्व मजले पायी चढणे त्यांस शक्य नाही.

त्यानंतर दुपारी त्या अंगणात येऊन उभ्या राहत व वर पाहून हात हलवीत. अर्जदाराची पत्नी खिडकीतून डावा हात हलवी. नव्या खिडक्या उत्तम आहेत. त्यांतून बाहेरचा आवाज अजिबात आत येत नाही. पत्नी दररोज विचारी, "बाई आल्या का?" अर्जदार म्हणे, खाली आहेत. काही आठवड्यांनी तिने विचारणे सोडले. मग बोलणेही सोडत चालली. जेवताना घास तोंडात तसाच राही.

८. गेल्या महिन्यात एका रविवारी मालविका घरी होती. पत्नीने ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "खाली." मालविकेने समजावले, तिने ऐकले नाही. ती खुर्चीतून घसरून जमिनीवर बसली व डाव्या हाताने फरशीला रेटा देत दाराकडे सरकू लागली. मालविका अर्जदारास म्हणाली, "पापा, लास झी." तिला करू दे, असा त्याचा अर्थ. मग मालविका पुढे पायरीवर बसली, अर्जदार मागे बसला, आणि अर्जदाराची पत्नी त्या दोघांच्या मध्ये बसून एकेक पायरी उतरली. मध्ये ती रडली. थांबू का, असे विचारल्यावर मान हलवून नाही म्हणाली. चौकावर मालविकेने तिला आधी उतरवून ठेवलेल्या चाकांच्या खुर्चीत घेतले. लिफ्ट लगेच आली. लिफ्टमध्ये कोणताही दोष नाही, हे अर्जदार मान्य करतो.

श्रीमती क्रेस यांनी दार उघडले. अर्जदाराची पत्नी म्हणाली, "आले हो, बाई." श्रीमती क्रेस यांनी दार पूर्ण उघडून धरले आणि म्हणाल्या, "बसा."

९. परत वर जाताना अडचण आली. बसून अर्धा जिना उतरता येतो, चढता येत नाही. रुग्णवाहिकेस दूरध्वनी केला. शेजारणीकडे जाणे हा आजार नसल्याने गाडी देता येत नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. देखभाल करणाऱ्याची पाठ दुखत होती. अंधार पडू लागला, तेव्हा श्रीमती क्रेस यांनी आपल्या पतीचा पलंग झाडून त्यावर स्वच्छ चादर घातली.

दुसऱ्या दिवशी मालविकेने हायडेलबर्गहून दोन मित्र आणले. ते आईस उचलून वर नेण्यास तयार होते. अर्जदाराने पत्नीस विचारले, "वर जायचं ना?" ती म्हणाली, "कशाला? बाई इथं आहेत." मित्र कॉफी पिऊन परत गेले. अर्जदार झोपण्यापुरता वर जातो, एरवी येथेच असतो.

काल कंपनीने श्रीमती क्रेस यांस कळवले आहे की, पट्ट्याच्या अटीनुसार पाहुण्यांना ठराविक मुदतीपलीकडे ठेवता येत नाही. तसेच त्यांच्या घरी चौथ्या मजल्यावरील रहिवासी लिफ्टने येत असल्याने त्यांच्या लाभाचा फेरविचार करण्यात येईल.

१०. सबब विनंती की,

अ) समितीने वरील लिफ्टची समक्ष पाहणी करावी, आणि पाहणीस येताना चाकांच्या खुर्चीत बसून यावे.

आ) श्रीमती क्रेस यांना आकारणीतून कायमचे वगळावे व किल्ली परत द्यावी. आजारी माणसाला भेटायला जाणे हा लिफ्टचा लाभ मानू नये. मानायचाच असेल तर तो अर्जदाराच्या पत्नीचा मानावा व त्याच्या वाट्यात घालावा.

इ) अर्जदाराचे चौथ्या मजल्यावरील घर कंपनीस किंवा अन्य कोणास द्यावयास तो तयार आहे. बदल्यात सौ. मनोरमा हिस तळमजल्यावर श्रीमती क्रेस यांच्या घरात राहण्याची परवानगी द्यावी. श्रीमती क्रेस यांची संमती तोंडी मिळालेली आहे, लेखी द्याल का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "झालं." त्याचा अर्थ होकार असा घ्यावा.

अर्जदाराने दोन वर्षे न्याय मागितला. आता त्यास तेवढी हाव उरलेली नाही. पत्नीला जेथे बोलावेसे वाटते तेथे तिला राहू द्यावे, इतकेच मागणे आहे.

पाहणीस शक्यतो दुपारी यावे. तळमजल्यावरची घंटा वाजवल्यावर दार उघडण्यास थोडा वेळ लागेल, कारण दोघी आतल्या खोलीत बोलत असतात आणि त्यांना ऐकू येत नाही.

कळावे, ही विनंती करणारा
आपला नम्र पट्टेदार,

(शशिधर वामन केळशीकर)
दि. १७ ऑक्टोबर २००६

सोबत : १) कु. मालविका केळशीकर हिने केलेले जर्मन भाषांतर. २) सौ. मनोरमा हिच्या डाव्या हाताची सही. ती प्रथमच या हाताने करीत असल्याने जुन्या सहीशी जुळणार नाही.