बिल्ला कोणी काढला

बाबा,

तुम्हाला लिहायचं मी बारा वर्षं टाळत आलो. कधी पेन नव्हतं, कधी गाव बदललं. खरं म्हणजे लिहायला बसलो की तुमच्या आधी कामावरच्या तुमच्या जोडीदाराचा चेहरा समोर यायचा. आता टाळून चालत नाही. उद्या कारखान्यात सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम आहे, भोपाळच्या मुख्य ऑफिसातून साहेब येणार, आणि मॅनेजरला स्टेजवर मी पाहिजे. मी एवढंच बोलायचं आहे की माझ्या वडिलांनी बिल्ला लावला नाही म्हणून ते गेले, तुम्ही तसं करू नका.

तुमचा तो पितळेचा बिल्ला, नाव कोरलेला. विजेच्या लाईनवर चढण्याआधी स्विच पाडायचा, त्याच्या दांडीला आपला बिल्ला अडकवायचा, आणि ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. तोवर कोणी करंट सोडायचा नाही. खुर्सीपारच्या पलीकडच्या त्या छोट्याशा कारखान्यात ही पद्धत तुम्ही एकट्यानं रुजवली. पावर हाउस भागातल्या बाजारात, समोशाच्या दुकानाशी भेटले तरी लोक चिडवायचे, "बिल्ला मास्टर आ गे गा! समोसा म घलो बिल्ला लटका दे!" समोशालाही बिल्ला लटकव म्हणे. तुम्ही म्हणायचे, "हंस ले बेटा. काली तोर घरवाली पूछही, त मैं का जवाब देहूं?" उद्या तुझ्या बायकोनं विचारलं तर मी काय सांगू, असं. छत्तीसगडीही तुम्ही आपल्या नागपुरी ठेक्यातच बोलायचे, म्हणून लोक दुप्पट हसायचे. पण सोमवारी दांड्यांवर बिल्ले दिसायचे. त्या समोशाच्या दुकानात आता चपला विकतात. नावही तेच ठेवलंय दुकानाचं. असो.

घरातही तुमचं तेच. स्वयंपाकघरातला होल्डर बदलायला तुम्ही स्टुलावर चढलेले आहात, मेन स्विचला बिल्ला लटकतो आहे, आणि आई पिठाच्या हातानं म्हणते आहे, "घरात कावून लटकवता हे? इथं कोण तुमच्या जीवावर उठून राहिलं?" मी गंमत म्हणून तो काढला आणि फरशीवर भोवऱ्यासारखा फिरवला. स्विचला हातसुद्धा लावला नव्हता. तुम्ही खाली उतरले, ओरडले नाही. माझा हात धरून तो परत अडकवायला लावला. "ते पितळ नाही रे. मी लटकून राहिलो तिथं. तू मले काढून फेकलं."

म्हणून मला पटत नाही. घरच्या होल्डरला बिल्ला लावणारा माणूस तिथं विसरला? भर दुपारी तुम्ही वर असताना लाईनीत करंट आला. चौकशीत लिहिलं, बिल्ला लावलेला नव्हता. हे सांगणारा एकटा तुमचा जोडीदार, ज्याला मी काका म्हणायचो. आणि तेरवीला बिल्ला आईच्या हातात ठेवणाराही तोच. "खिशात होता त्यायच्या, वहिनी." पण तुमचे कपडे आम्हाला दवाखान्यातून आधीच मिळाले होते. त्यांत बसचं तिकीट होतं आणि सुपारीचं खांड, बिल्ला नव्हता. दवाखान्यातच कोणी काढून काकाला दिला असेल, असं स्वतःला सांगूनही पाहिलं. मग त्यानंतर तो आमच्या दारात कावून आला नाही?

माझी शाळा तिथंच सुटली. नागपूर, राउरकेला, मग इटारसी, एका ट्रकवाल्याबरोबर. त्याला गाडीत कोणी शीळ घातलेली खपायची नाही, म्हणून मी शिकलेली शीळ विसरलो. कुठं भरकटलो मी. सांगायचं हे की परत येऊन तुमच्याच कारखान्यात कच्च्या कामावर लागलो तेव्हा पाहिलं, मनापासून बिल्ला कोणी लावत नाही. एक म्हातारा फिटर म्हणाला, "लगा के का होही बाबू, निकलइया त दूसर रहिथे." काढणारा दुसराच असतो! कोण दुसरा, विचारलं, तर बिडी विझवून उठून गेला.

आणि मॅनेजर गोड बोलतो, "बेटा, तुम बोलोगे तो मजदूरों के दिल को लगेगा." लिहिलेलं पक्कं असेल तर इतक्या वर्षांनी ते माझ्याच तोंडून कशाला पाहिजे? मी ते बोललो की फिटरसारख्यांची तोंडं कायमची बंद होतील. आणि खरंच कोणी काढला असेल, तर उद्या वर चढणाऱ्याला ते कळायला नको?

एक सांगायचं राहिलं, बाबा. मी मॅनेजरला हो म्हणून आलो आहे. पक्की नोकरी देतो म्हणाला आणि मी लगेच हो म्हटलं. आईला अजून सांगितलं नाही. तुम्हालाही हे कुठं पाठवणार, म्हणून लिहिता आलं.

आत्ता दारात सायकल थांबली. काका आहे. केस पार पांढरे झालेत. चपला काढून बाहेरच उभा आहे आणि आईला म्हणतो आहे, "वहिनी, पोरगा उद्या बोलून राहिला म्हणते. त्याच्या पहिले मले बोलू द्या." मॅनेजरनं धाडला की आपणहून आला, चेहऱ्यावरून कळत नाही. आईनं त्याला बस म्हटलं नाही. पण दारातून बाजूला झाली आहे.