थोरली आणि धाकटी

४ मार्च, मंगळवार

दादाच्या किडनीत गाठ! पोटात कळ आली म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशय बघायला गेले आणि ही सापडली. सीटी झाला, त्यातही ठरेना — साधी की कॅन्सरची. वहिनीचा फोन आला. कोरडा आवाज. शेवटी एवढंच, "एकच आहे गं त्यांना."

मला सांगते! दुसरी माझ्याच पोटात आहे. नऊ वर्षांपूर्वी दादानेच दिलेली. दादाने तिचं नाव ठेवलंय धाकटी. फोन केला की आधी "धाकटी काय म्हणते?" आणि मग माझी चौकशी. त्याच्याकडे राहिली ती थोरली.

गाठ थोरलीत आहे. कॅन्सर निघाला आणि थोरली काढावी लागली तर दादा डायलिसिसवर. ते मी भोगलंय. पुढचं लिहवत नाही.

५ मार्च

सुई घालून तुकडा काढायला सर्जन राजी नाहीत. एकुलती एक किडनी, रक्त सुटलं तर काय घ्या! आधी एमआरआय करा म्हणाले. म्हणजे आमच्याकडे. माझ्याच खोलीत, माझ्याच मशीनवर. रोज परक्यांना "हलू नका" म्हणणारी मी!

मॅडम — आमच्या रेडिओलॉजिस्ट — म्हणाल्या, "जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाला बसवते." दादाच मध्ये पडला. "तीच करेल. परक्या माणसासमोर मी पोट सोडून झोपणार नाही."

६ मार्च

धाकटी परत देता येते का, विचारलं मॅडमना. अगदी गंभीरपणे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

दादाला कळलंच. "वापरलेली वस्तू मी घेत नाही!"

खूप हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

७ मार्च, शुक्रवार

आज झालं. सगळं लिहून काढायचंय, नाहीतर झोप लागायची नाही.

पहिला फेरा वाया. दादा पोहायला शिकवतो ना, "श्वास" म्हटलं की छाती भरून घेतो! छाती भरली की किडनी खाली सरकते, दर वेळी वेगळी. एका फोटोत गाठ आहे, पुढच्यात गायब. माईकवर ओरडले, "दादा, तलावात उडी नाही मारायची! सगळा श्वास सोड आणि मग थांब." आतून हसण्याचा आवाज. तोही फोटो गेला.

मग जमलं. आणि काय थांबला! मी प्रत्येक पेशंटबरोबर आपला श्वास धरते, सवयच आहे. आज माझा आधी सुटला.

थोरली दिसली. केवढी मोठी! एकटीवर सगळं काम पडलं की किडनी वाढते, हे पुस्तकात वाचलेलं. पण हिच्यावर ते कुणामुळे पडलं? आणि पलीकडे, डाव्या बाजूला — रिकामी जागा. आतडं येऊन बसलंय तिथे, पाहुण्याने हातपाय पसरावे तसं. धाकटीची जागा. मी आजवर पाहिलीच नव्हती. फोटो पुढे सरकवायला हात होईना.

मग खरी परीक्षा. चरबी आणि पाणी, दोघांचा सूर किंचित वेगळा. आपल्याला काय कळणार, पण चुंबकाला कळतो. त्याला सांगता येतं, चरबी तेवढी विझव. कॅन्सरच्या गाठीत अशी भरभक्कम चरबी सहसा नसते. म्हणून गाठ विझलेली बरी.

पहिल्या फोटोत गाठ लख्ख. दुसरा यायला लागला...

विझली! माझ्या डोळ्यांदेखत विझली!

पण एक कोपरा राहिला. तेवढाच उजळ.

८ मार्च

मॅडम सोमवारी सांगणार. "चरबी दिसली म्हणून नाचू नकोस. तो कोपरा मला नीट बघू दे."

वहिनी घरी आली. माझ्या तोंडाकडे बघत बसली. "काहीच कळत नाही तुझ्या तोंडावरून."

"कळू द्यायचं नसतं वहिनी. नोकरी आहे."

मग म्हणाली, "मी तेव्हा त्यांना देऊ नका म्हणाले होते."

"मीही घेणार नाही म्हटलं होतं."

"आपलं दोघींचं त्यांनी कधी ऐकलंय!"

नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकत्र हसलो. चहा दोनदा झाला.

९ मार्च

काही नाही. भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

१० मार्च, सोमवार

साधी आहे! साधी, साधी, साधी!

मॅडमनी शेजारी बसवून दाखवलं. गाठ म्हणजे चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्या यांचं गाठोडं. तो कोपरा म्हणजे नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता. तिथे चरबीच नाही, मग विझणार काय?

आणि मग ती रेघ दाखवली. एक फोटो असा असतो, ज्यात चरबी आणि पाणी शेजारी आले की एकमेकांना खोडून टाकतात. गाठीच्या आणि थोरलीच्या मध्ये काळीभोर रेघ, म्हणजे गाठीत चरबीच! टाकाने शाईची ओढावी तशी, बारीक, एकसलग. चिरा नाही, टाका नाही, सुई नाही. माणूस श्वास सोडून पडून राहतो, आणि त्याच्या आतलं पाणी सांगतं, मी इथे संपलं. इतकी वर्षं ही रेघ बघतेय मी. आज अंगावर काटा आला.

काढायची नाही. अधूनमधून बघत राहायचं. मोठी झाली तर तेव्हाचं तेव्हा.

मी डोळे पुसतेय, आणि मॅडम म्हणतात, "अशी गाठ कधीकधी दोन्ही बाजूंना असते. धाकटीलाही एकदा बघून घेऊ."

हाय रे!

१४ मार्च

आज मी टेबलावर. माझ्या जागी बसलेल्या सहकाऱ्याने माईक दादाच्या हाती दिला. "श्वास सोड. तलावात उडी नाही मारायची. थांब." थांबले.

गाठ नाही. धाकटी स्वच्छ.

बाहेर आले तर दादा स्क्रीनला नाक लावून उभा. माझ्याकडे बघायलाच तयार नाही. इतकी वर्षं मी तिला उसनी समजून जपत होते. त्याने दारातल्या वहिनीला हाक मारली.

"अगं, ये, बघ तरी! केवढी मोठी झालीय! सासर मानवलं हिला."