सहा किलोमीटर साहेबांच्या मागे

रविवार, १२ फेब्रुवारी २०१७, ब्योबलिंगेन, जर्मनी

आज कुत्र्यांच्या स्लेजच्या शर्यतीत सहा किलोमीटर क्रुगरसाहेबांची पाठ बघत काढले. ऑफिसात तरी दुसरं काय बघतो म्हणा!

साहेब माझ्या आधी सुटले होते. माझे चार कुत्रे क्लबचे, पण पळायला जबरदस्त. पहिल्याच वळणावर गाठलं त्यांना. बर्फातली वाट अरुंद, दोन्हीकडे झाडी. नियम सोपा: मागच्याने 'ट्रेल!' असं ओरडायचं, पुढच्याने बाजूला थांबून वाट द्यायची. एवढंच. पण बॉसवर ओरडायचं? तेही साठीला आलेल्या माणसावर? मी आपला ब्रेकवर पाय दाबून उभा. सगळ्यात पुढची कुत्री लुमी सारखी वळून माझ्याकडे बघत होती. एकदा धीर करून तोंड उघडलं, तर काय निघालं? "एन्टशुल्डिगुंग." म्हणजे 'माफ करा'. तेही हळूच. मूर्ख!

शर्यत संपल्यावर साहेब म्हणाले, "मिस्टर कुलकर्णी, अहो, ओरडला का नाहीत? मी लगेच थांबलो असतो."

लगेच!

घरी आलो तर मंजिरी बॅग भरत होती. बायकोची नोकरी हॅम्बर्गला, दर रविवारी संध्याकाळची गाडी. सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं, हसली नाही. "आणि हॅम्बर्गच्या बदलीचं कधी विचारणार आहेस त्यांना?"

अर्ज दीड वर्ष माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत पडून आहे.

"उद्या नक्की," म्हणालो.

तिने बॅग उचलली. दारातून एकदा वळून बघितलं फक्त. अगदी लुमीसारखं.